दशावतार की कांतारा चॅप्टर 1: घरात आधी कुठला लावायचा?

दोन्ही पिक्चर 2025 चेच. मराठी दशावतार 12 सप्टेंबरला आला, कन्नड कांतारा चॅप्टर 1 आला 2 ऑक्टोबरला, मध्ये जेमतेम तीन आठवडे, आणि तेव्हापासून आपल्या बेळगावकडं शहापूरला जा, वडगावला जा, खानापूरला जा, चार माणसं बसली की कुठला भारी ह्यावर वाद ठरलेला. आता दोन्ही घरबसल्या मिळतात, दशावतार झी फाइव्हवर आणि कांतारा प्राइमवर, तर ज्यांनी अजून एकपण बघितला नाही आणि रविवारी जेवण झाल्यावर एकच लावायचाय त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं मत पहिल्यांदाच सांगून टाकतो, घरातल्या टीव्हीवर बघणार असाल तर दशावतार लावा. कांतारा एवढा मोठा पिक्चर आहे की तो टीव्हीत मावत नाही.

दशावतारात जीव ओतलाय तो दिलीप प्रभावळकरांनी. पिक्चर आला तेव्हा त्यांचं वय 81, आणि बाबुली मेस्त्री म्हणून ते जे उभे राहिलेत ते बघून मी थक्कच झालो. बाबुली म्हणजे कोकणातला म्हातारा दशावतारी, दशावताराची नाटकं करणारा नट, डोळ्यांनी दिसायचं कमी झालंय, पोराला वाटतंय आता बास करावं, पण अंगावर वेश चढला की ह्या माणसाचा आवाज बदलतो, मान बदलते, नजर बदलते. आंबोली उतरलं की सावंतवाडी, आपल्यातल्या कित्येकांचे पाव्हणे तिकडचे, ज्यांनी तिथल्या जत्रेत रात्रभर जागून दशावतार बघितलाय त्यांना तर हे बघताना भरून येणार. खऱ्या दशावतारात संवाद लिहून पाठ केलेले नसतात बघा, आख्यान ठरतं आणि नट तिथल्या तिथं बोलत जातो, बायकांची कामं पुरुषच करतात, तोंड ज्याचं त्यानं रंगवायचं, साथीला पेटी, मृदंग आणि झांज. दिग्दर्शक सुबोध खानोलकरांनी हे सगळं नुसतं शोभेला नाही ठेवलं, गोष्टच त्यातून पुढं जाते. गोष्टीत खाण येते, डोंगर येतो आणि विष्णूचे अवतार येतात, ते कसे ते सांगत नाही, स्वतःच बघा.

खोट काढायची तर मध्यंतरानंतर थोडा ताणलाय आणि वाईट माणसं अगदी पहिल्या फ्रेमपासून वाईट, त्यांना दुसरा रंगच नाही. पण प्रभावळकर स्क्रीनवर आले की ते सगळं मागं पडतं.

आता कांतारा. लिहिलाय ऋषभ शेट्टीनं, दिग्दर्शन त्याचंच, मुख्य काम पण त्याचंच. 2022 च्या पहिल्या कांताराच्या कितीतरी आधीची गोष्ट, कदंब राजांच्या काळातली, आणि इथं खानापूरवाल्यांनी जरा लक्ष द्या. कदंब म्हटलं की सगळे बनवासीचं नाव घेतात, पण त्यांची दुसरी राजधानी म्हणजे आपलं हलशी, नंदगडच्या पुढचं. तिथल्या भूवराह नरसिंहाच्या देवळात वराहाची मूर्ती आहे, आणि कांतारातलं पंजुर्ली दैव पण रानडुकराच्या रूपातलंच. तुळूनाडूचा, म्हणजे मंगळूर-उडुपीकडचा भूतकोला, ज्यात दैव माणसाच्या अंगात येतं, ही वेगळी परंपरा, हलशीचं देऊळ वेगळं, दोन्ही एकच असं मी अजिबात म्हणत नाही, पण मला पिक्चर बघताना सारखं ते देऊळ आठवत होतं. ज्यांच्या घरातनं सौंदत्तीला यल्लम्माला जातात, ज्यांनी अंगात येणं जवळनं बघितलंय, त्यांना ऋषभचं ते ओरडणं, ते थरथरणं नाटकी वाटणार नाही. रुक्मिणी वसंत आणि जयराम दोघंपण मस्त. पण पावणेतीन तासाच्या आसपास आहे, सुरवातीचा विनोद मला जमलेला वाटला नाही, आणि लढाया, जंगल, ढोल हे सगळं थेटरच्या आवाजासाठी बनवलेलं, घरात पंख्याच्या आवाजात निम्मं जातं.

म्हणून कांताराच बघायचाय आणि घरातच बघायचाय तर चॅप्टर 1 च्या आधी 2022 चाच लावा, गोष्ट म्हणून मला तोच जास्त घट्ट वाटतो. राजानं गावाला दिलेली जमीन, ती परत मागणारे त्याचे वंशज, आणि मध्ये फॉरेस्टचा ऑफिसर जो खलनायक वाटतो पण तसा नसतो. ह्या कामासाठी ऋषभला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो उगाच नाही. आपल्याकडं भीमगड अभयारण्यातल्या गावांनी उठून जायचं की राहायचं ह्याच्या बातम्या आपण वाचतोच की, त्यामुळं जंगल कुणाचं हा प्रश्न लांबचा वाटत नाही. दशावतारातला डोंगराचा प्रश्न पण तसाच आत लागतो.

भाषेचं म्हणाल तर, कांतारातली कन्नड किनाऱ्याकडची, आपल्या कानाला सवय बेळगाव-धारवाडची, त्यामुळं शाळेत कन्नड शिकलेल्यांना पण मधून मधून सबटायटल लागतातच. हिंदी डबिंग आहे पण त्यात अर्धी मजा जाते. आजी-आजोबा सबटायटल वाचत बसणार नाहीत, त्यांच्यासाठी दशावतार सरळ. मालवणी आहे, पण खानापूर-जांबोटीकडच्या माणसाला ती जड जात नाही, शहरातल्यांना पहिली दहा मिनिटं लागतील. काहीजण म्हणतात मराठी माणसानं मराठीच बघावा आणि कन्नड पिक्चरला पैसे द्यायचे नाहीत, मला हे मनापासून पटत नाही. मराठी पिक्चरला आपल्याकडं शो कमी मिळतात ह्याचा राग मलापण आहे, म्हणून दशावतार जास्तीत जास्त लोकांनी बघावा असं वाटतं, पण त्यासाठी भूतकोल्यासारखी गोष्ट न बघता राहायची हे नुकसान आपलंच.

गाण्यांचा अल्बम ऐकायचा तर मात्र माझा कौल उलटा. अजनीश लोकनाथचं काम नुसतं ऐकायला पण पूर्ण वाटतं. 2022 च्या कांतारातलं वराह रूपम् अजून अंगावर काटा आणतं, आणि चॅप्टर 1 मधलं ब्रह्मकलशा सकाळी लावून बघा, घरातलं वातावरणच बदलतं. दशावताराचं संगीत ए. व्ही. प्रफुल्लचंद्र ह्यांचं, गाणी गुरु ठाकूरांची, त्यातली अजय गोगावलेच्या आवाजातली रंगपूजा जबरदस्त, मी चोर्ला घाटात गाडीत मोठ्यानं लावून ऐकलीय. बाकीची गाणी पिक्चरमध्ये बघताना जास्त आवडली, नुसती ऐकताना तेवढी नाहीत.

लहान पोरं असतील तर चॅप्टर 1 त्यांच्यासमोर नको, रक्त आणि मारामारी भरपूर आहे. दशावतारात पण काही प्रसंग जड आहेत, दहा-बारा वर्षांच्या पोरांबरोबर बघितला तर शेजारी बसून थोडं समजावून सांगावं लागेल. आणि चॅप्टर 1 लावलाच तर रात्री पोरं झोपल्यावर, चांगला साउंडबार नाहीतर हेडफोन घालून बघा, शेवटच्या अर्ध्या तासात आवाज कमी करू नका.