जेवणाच्या टेबलावर बसवलेलं लडलो : एका जिगसॉ पझलबद्दल

भाची बर्मिंगहॅमला शिकते. मे महिन्यात ती नौपाड्यात आमच्याकडे आली तेव्हा तिच्या बॅगेतून माझ्यासाठी एक चपटा, चांगलाच जड खोका निघाला. इंग्लंड-वेल्सच्या सीमेजवळ लडलो नावाचं एक लहानसं बाजाराचं गाव आहे, त्याच्या हाताने काढलेल्या नकाशाचं एक हजार तुकड्यांचं जिगसॉ पझल. मी पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो, म्हणून तिने मुद्दाम निवडून आणलं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि माझी नऊ वर्षांची नात कडेच्या तुकड्यांपासून सुरुवात करून बसलो आणि सत्तावीस दिवसांनी उठलो. रात्री जेवणं आवरली की हीसुद्धा चष्मा लावून यायची. बहुतेक सगळी नदी तिनेच बसवली.

आधी वस्तूबद्दल. कातरकाम उत्तम आहे. तुकडा तुकड्यात बसला की हाताला कळतं, आणि चुकीच्या जागी तो बसतच नाही. जुळलेला वीतभर भाग डोशाच्या उलथन्यावर घेऊन मी टेबलाच्या या टोकाहून त्या टोकाला नेला, एकही सांधा सुटला नाही. रंग मवाळ आहेत, ट्यूबलाइटखाली चमकत नाहीत.

पुठ्ठा मात्र आपल्या पावसाळ्यासाठी नाही. आमचं टेबल खिडकीजवळ असतं. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर रात्री नीट बसलेले तुकडे फुगून वर आले होते आणि दोन-तीन तुकड्यांचे पापुद्रे सुटायला लागले होते. मग टेबल आतल्या भिंतीला लावलं, रात्री वर मेणकापड, आणि उरलेले तुकडे शंकरपाळ्यांच्या स्टीलच्या डब्यांत, सोबत औषधांच्या बाटल्यांतून निघणाऱ्या त्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या. त्यानंतर त्रास झाला नाही. ठाण्यात कोणी हे घेणार असेल तर दिवाळीनंतर उघडा.

खोक्यासोबत घडीचं एक माहितीपत्रक आहे. अक्षर इतकं बारीक की मला भिंग घ्यावं लागलं. मजकूरही तोकडा, राजे आणि तारखा. तरी या पझलला मी मनापासून चांगलं म्हणतो, कारण ज्याने नकाशा काढला त्याला गाव कळलेलं आहे. त्याने नुसत्या सुंदर इमारती काढलेल्या नाहीत, घरांमागच्या जमिनीच्या पट्ट्यासुद्धा काढल्या आहेत.

गावाची रचना आधी सांगतो. पश्चिमेच्या टोकाला, टीम नदीच्या वळणावर, उंचावर किल्ला. नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर अकराव्या शतकाच्या शेवटी डी लेसी घराण्याने तो बांधायला घेतला. वेल्सच्या बाजूने कोणी चालून आलं तर अडवायचं, यासाठी. गाव त्यानंतर, बाराव्या शतकात, आखून वसवलेलं. किल्ल्याच्या दारातून पूर्वेकडे एक रुंद, सरळ पट्टा सोडला होता. तो बाजार. त्या पट्ट्यापासून दक्षिणेला नदीकडे उतरणारे रस्ते, मिल स्ट्रीट आणि ब्रॉड स्ट्रीट, एकमेकांना समांतर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरांचे प्लॉट, रस्त्याकडची बाजू अरुंद आणि मागे लांबच लांब.

हे लांब पट्टे जुळवताना नात कंटाळली. सगळे हिरवट-तपकिरी, सगळे सारखे. मी तिला माझ्या आजोळचं, राजापूरच्या बाजारपेठेतलं घर सांगितलं. पुढे पडवीत दुकान, मग माजघर, मग स्वयंपाकघर, मग न्हाणीघर, गोठा, आणि शेवटी परसात विहीर. रस्त्यावरून बघितलं तर दोन दारांएवढं घर, आत शिरलं तर संपत नाही. बाजारात रस्त्याकडची जागा प्रत्येकालाच हवी असते, म्हणून ती थोडी थोडी वाटली जाते. लडलोत आठशे वर्षांपूर्वी तेच झालं. हे ऐकल्यावर तिने ब्रॉड स्ट्रीटमागच्या पट्ट्या एका रविवारात बसवल्या, प्रत्येकीच्या शेवटी विहीर शोधत.

मग आम्ही बाजाराच्या मध्यावर आलो आणि माझाच गोंधळ झाला. माझ्या हिशेबाने तिथे मोकळा, रुंद रस्ता यायला हवा होता. पण तुकडे जुळत गेले तशी तिथे घरंच घरं उगवली, आणि त्यांच्यामधून हार्प लेनसारख्या दोन माणसं जेमतेम जातील अशा गल्ल्या. दोन रात्री मला वाटत होतं, आपण तुकडे चुकीचे लावतोय. मग माहितीपत्रकातल्या एका अर्ध्या ओळीवरून उलगडलं. रुंद बाजारात आधी रोज उचलून न्यायची टपरी होती. टपरी रात्री तिथेच राहायला लागली, तिच्यावर छप्पर आलं, मग भिंती, मग वरचा मजला. दुकानांच्या रांगांची घरं झाली आणि रांगांमधल्या वाटांच्या गल्ल्या. किल्ल्याच्या दाराजवळचा भाग तेवढा मोकळा उरला, आज त्याला कॅसल स्क्वेअर म्हणतात.

ज्याने जांभळी नाक्याच्या बाजारात आयुष्यभर भाजी घेतली आहे त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आधी पाटी, मग ताडपत्री, मग पत्रा, मग विटा. मी नोकरीत असताना अशा जागांची मोजणी झाली की नकाशावर लाल शाईने 'अतिक्रमण' लिहायचो. लडलोत ती लाल रेघ आता जपण्यासारखा वारसा झाली आहे, आणि त्या गल्ल्या पाहायला लोक लांबून येतात. टेबलावर ती गल्ली पूर्ण झाली त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही.

त्या दाटीच्या पूर्वेच्या तोंडाशी बटरक्रॉस आहे. १७४० च्या दशकात बांधलेली दगडी इमारत, खाली खांबांवर मोकळी, वर घड्याळ आणि छोटा घुमट. खालच्या सावलीत खेड्यांतून आलेलं लोणी विकायचं, म्हणून हे नाव. वर आता गावाचं संग्रहालय आहे. दुकान थंड, सावलीतलं आणि चार बाजूंनी वारा येणारं हवं, ही लोण्याची गरज, आणि गावाने त्यासाठी इतकी देखणी इमारत उभारली. आमच्या खोक्यात याच इमारतीच्या घड्याळाचा तुकडा नव्हता. टेबलाखाली, गालिच्याखाली, केरात, सगळीकडे पाहिलं. ज्या विक्रेत्याकडून भाचीने पझल घेतलं त्याला तिने दोनदा मेल केली, उत्तर आलं नाही. सत्तावीस दिवसांच्या शेवटी गावाच्या बरोबर मध्यभागी भोक राहणं फार लागतं मनाला. याचे मी गुण कापतो.

बटरक्रॉसमागे सेंट लॉरेन्स चर्च. मनोरा सुमारे १३५ फूट, सगळ्या गावावर उठून दिसतो, नकाशातही सात तुकडे उभा आहे. आतलं काही पझलमध्ये नाही, साहजिकच. पण भाचीने आत जाऊन जे फोटो पाठवले त्यांतला एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. प्रार्थनेच्या वेळी टेकायला घडीची लाकडी आसनं असतात, त्यांच्या खालच्या बाजूला कोरीवकाम, अशी अठ्ठावीस आसनं तिथे आहेत, मध्ययुगातली. एकावर बिअर विकणारी बाई कोरली आहे. हातात खोटं माप. एका सैतानाने तिला उलटी खांद्यावर टाकलं आहे आणि तो तिला नरकाच्या जबड्याकडे नेतो आहे, दुसरा तिच्या पापांची यादी वाचतो आहे, तिसरा चक्क वाद्य वाजवतो आहे. मापात पाप! आपण हे दोन शब्दांत म्हणतो, त्यांनी ते लाकडात कोरून देवळात ठेवलं. बाजाराच्या गावाला सगळ्यात मोठी भीती कसली होती ते त्या एका लाकडात कळतं.

किल्ल्याचा भाग नातीने एकटीने बसवला. भिंती, बुरूज, आणि आतलं गोल देऊळघर. गोल म्हणून ते चटकन जुळतं. याच किल्ल्यातून वेल्स आणि सीमेवरच्या मुलखाचा कारभार जवळजवळ दोनशे वर्षं चालला. १६८९ साली ते मंडळ बरखास्त झालं, किल्ल्यात कोणी राहायला उरलं नाही आणि छपरं गेली. इथे दोन राजपुत्रांच्या गोष्टी आहेत. एक बारा वर्षांचा एडवर्ड, १४८३ मध्ये वडील वारल्याची बातमी त्याला इथे मिळाली, राजा म्हणून तो लंडनला निघाला आणि अभिषेक व्हायच्या आधीच तिथल्या टॉवरमध्ये नाहीसा झाला. दुसरा पंधरा वर्षांचा आर्थर, लग्नाला पाच महिनेही झाले नव्हते, एप्रिल १५०२ मध्ये इथेच गेला. त्याची विधवा कॅथरिन पुढे त्याच्या धाकट्या भावाची, आठव्या हेन्रीची राणी झाली, आणि तिच्यापासून काडीमोड घेण्यावरून इंग्लंड रोमच्या पोपपासून तुटलं. नात म्हणाली, "आबा, तो मुलगा इथे आजारी पडला नसता तर?" मी तिला आमचा ठाण्याचा किल्ला सांगितला. पोर्तुगीजांनी १७३० साली बांधायला घेतला, मराठ्यांनी १७३७ मध्ये जिंकला, नंतर इंग्रजांकडे गेला, आणि त्रिंबकजी डेंगळे १८१६ मध्ये त्यातून निसटले. आज तिथे कारागृह आहे, म्हणून आत जाऊन पाहता येत नाही. तिची शाळेची बस रोज त्याच भिंतीवरून जाते. तिला हे माहीत नव्हतं.

फेदर्स हॉटेलने चार दिवस खाल्ले. १६१९ चं घर, दर्शनी भाग सगळा काळ्या लाकडी चौकटींचा आणि कोरीवकामाचा, म्हणजे काळे-पांढरे चाळीस तुकडे आणि सगळे जवळजवळ सारखे. इथे रंगाकडे न बघता तुकड्याचा आकार बघा. ब्रॉड स्ट्रीटची विटांची घरं त्यामानाने सोपी. त्यातल्या कित्येक घरांना नंतरच्या काळात नवा विटांचा चेहरा दिला, आतली चौकट जुन्या लाकडाचीच आहे. रस्त्याच्या तळाला ब्रॉड गेट. गावकुसाला सात वेशी होत्या, त्यांतली ही एकच मध्ययुगीन वेस उरली आहे, आणि तिच्या डोक्यावर कोणीतरी घर बांधलं आहे!

सगळ्यात शेवटी वरच्या उजव्या कोपऱ्यातलं स्टेशन. लडलोला रेल्वे १८५२ साली आली. आपली बोरीबंदर ते ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ ची. एका वर्षाचं अंतर! इतकी वर्षं मी समजत होतो की त्यांच्याकडे सगळं कितीतरी आधी झालं. तो तुकडा बसवून मी खिडकीशी गेलो, खाली गोखले रोडवर स्टेशनकडे जाणाऱ्या रिक्षांची रांग लागली होती.

पुढच्या शनिवारी भाचीने तिथून व्हिडिओ कॉल केला. तिथे सकाळचे अकरा, इथे दुपारचे साडेतीन. कॅसल स्क्वेअरवर बाजार भरला होता, पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाखाली पाव, चीज, रोपं. नात टेबलावर बोट ठेवून तिला रस्ता सांगत होती: "ताई, आता डावीकडे वळ, गल्ली येईल." आणि गल्ली आली. हार्प लेन. आम्ही तिघंही इथे ओरडलो.

मी पाचपैकी चार देतो. मोठ्यांनी मुलांसोबत बसावं, दहाच्या पुढचं मूल एकटंही करू शकेल. ठाण्यात राम मारुती रोडवरच्या दोन दुकानांत विचारलं, त्यांच्याकडे नव्हतं, बाहेरूनच मागवावं लागेल. घेतलंत तर खोका उघडल्याबरोबर तुकडे मोजून घ्या, वेळ लागला तरी.

घड्याळाचा तुकडा आम्ही घरीच केला. भोकावर ट्रेसिंग पेपर ठेवून मी आकार उतरवला, पेढ्यांच्या खोक्याचा पुठ्ठा दोन पदरी चिकटवून कापला, कडा नेल फाइलने घासल्या. रंग नातीने दिले. काटे तिने साडेतीनवर ठेवलेत.