चीजच्या ताटाशी रेड की व्हाइट?

चीज म्हटलं की बहुतेक जण डोळे मिटून रेड वाइन मागवतात. कॅबरने सॉव्हिन्याँ आणि मुरलेलं चेडर जमतंही छान, कारण चीजमधली प्रथिनं आणि स्निग्धांश रेडमधल्या टॅनिन या घटकाचा तुरटपणा मवाळ करतात. तीच रेड ब्री या मऊ फ्रेंच चीजसोबत घेतली की मात्र जिभेवर कडवटपणा रेंगाळतो.

सॉव्हिन्याँ ब्लाँ या व्हाइट वाइनचा आंबटपणा मऊ, खारट चीजचा चिकटा धुऊन काढतो. फ्रान्समधल्या शाव्हिन्योल गावचं शेळीच्या दुधाचं चीज आणि त्याच परिसरातली, सॉव्हिन्याँ ब्लाँचीच सांसेर वाइन ही जोडी त्यासाठीच प्रसिद्ध आहे. एकच बाटली घ्यायची असेल तर मी व्हाइट घेईन.

जेवणातही तेच. तांबड्या रश्श्यासोबत (घेणारे घेतात!) टॅनिन आणि अल्कोहोल तिखटाचा जाळ वाढवतात, नाशिकची किंचित गोडसर, थंडगार चेनिन ब्लाँ ही व्हाइट तो शमवते. तळलेल्या सुरमईला तर ती लिंबाच्या फोडीइतकीच शोभते. मटण सुकं कमी तिखट असेल, तर शिराझ ही रेड जरूर काढा. फक्त आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. रेडला 16 ते 18 अंश लागतात, आपल्या उन्हाळ्यातली खोली नव्हे.