रोझेचा पर्यायकोश, नोंद क्रमांक ९५७

परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांसाठी एका बालकथेचे इंग्रजी भाषांतर करत असताना मी एका साध्या वाक्यापाशी अडलो. वाक्य होते, ‘पंगतीत मामांनी जिलब्यांवर ताव मारला.’ ताव मारण्यात जो आनंद आहे तो इंग्रजीत उतरायला हवा होता आणि शब्द आठ वर्षांच्या मुलाला कळेल असा हवा होता. त्यासाठी मी पीटर मार्क रोझे यांच्या प्रसिद्ध पर्यायकोशाची १९११ साली अमेरिकेत निघालेली आवृत्ती प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतली. स्वामित्वहक्काची मुदत संपल्यामुळे ती विनामूल्य मिळते. गेले काही महिने ती रोज वापरतो आहे, तरी येथे तिची परीक्षा अधाशीपणे खाण्याच्या शब्दांपुरतीच घेतली आहे, कारण कोशाचे गुण आणि दोष याच विषयात मला सर्वांत स्पष्ट दिसले.

रोझे हे पेशाने डॉक्टर होते आणि रॉयल सोसायटीचे सचिवपद त्यांनी अनेक वर्षे सांभाळले होते. १८५२ साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी हा कोश प्रसिद्ध केला. तो वर्णानुक्रमाने लावलेला नाही. जगातल्या सगळ्या कल्पना एक हजार नोंदींत बसवून त्यांनी शब्द अर्थाच्या शेजारधर्माने मांडले आणि हवा तो शब्द सापडावा म्हणून शेवटी सूची जोडली. आजचे बहुतेक स्वस्त पर्यायकोश अ ते झेड लावलेले असतात. त्यांत शब्द झटपट सापडतो, पण तो कोणाच्या घरात नांदतो हे कळत नाही. रोझेकडे नेमके तेच कळते.

साध्या खाण्याचा आणि अन्नाचा क्रमांक २९८ आहे आणि तो ‘अवकाश’ या वर्गात, गतीच्या प्रकरणात येतो. आत घेणे, बाहेर टाकणे, खाणे, उत्सर्जन, असा तो क्रम आहे. ही डॉक्टरची नजर आहे. अधाशीपणा मात्र तेथे नाही. तो सहाशेहून अधिक नोंदी ओलांडल्यावर, भावनांच्या वर्गात आणि त्यातही नीतीच्या प्रकरणात, ९५७ क्रमांकावर भेटतो. त्याच्या आधीची नोंद उपवासाची आहे आणि नंतरच्या दोन मद्यसंयमाच्या व मद्यपानाच्या आहेत. उपवासाला लागून अधाशीपणा आलेला पाहून ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ आठवल्याशिवाय मराठी माणूस राहणार नाही. रोझेंच्या मनात अर्थात तो विनोद नव्हता. ख्रिस्ती परंपरेने ‘ग्लटनी’ ही सात महापातकांत धरली आहे आणि त्या हिशेबाने तिची जागा नीतीच्याच दालनात असणार.

ही नोंद वाचण्यात खरी मजा आहे. त्यात खादाड माणसाला पाणकावळा म्हटले आहे, डुक्कर म्हटले आहे, आणि ‘अ‍ॅपिशियस’ही म्हटले आहे. हा रोममधला खवय्या. खाण्यापिण्यावर प्रचंड संपत्ती उधळल्यावर उरलेल्या पैशात, आणि ते पैसेही काही थोडे नव्हते, आपली उपासमार होईल या भीतीने त्याने विष घेतले, अशी हकिगत रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने लिहून ठेवली आहे. आपल्याकडे बकासुराचे जसे झाले तसेच या विशेषनामाचे सामान्यनाम झाले. ‘शहामृगाचे पोट असणे’ हा वाक्प्रचारही येथेच भेटतो. मला सर्वांत रस वाटला तो ‘बेली-गॉड’ या शब्दात. पोट हाच ज्याचा देव, तो माणूस. शब्दशः पाहिले तर हा आपला पोटोबाच झाला. परंतु इंग्रजी शब्दामागे बायबलातला धिक्कार उभा आहे, आणि आपण मात्र पोटोबाला विठोबाच्या आधी पान वाढून मोकळे होतो.

क्रियापदांचा भाग त्याहून श्रीमंत आहे. ‘गॉबल’, ‘गझल’, ‘गटल’ अशी ती ओळ लागते. (यातला मधला शब्द देवनागरीत लिहिला की भलतीच मैफल डोळ्यांसमोर येते, त्याला इलाज नाही.) या शब्दांच्या शेवटी येणारा ‘ल’ इंग्रजीत पुष्कळदा एखादी क्रिया पुन्हा पुन्हा घडत असल्याचे सुचवतो. आपण हेच काम ‘बकाबका’, ‘गपागपा’ अशा द्विरुक्तीने करतो. ‘गझल’ आज खाण्यापेक्षा ढोसण्यासाठी आणि भरमसाट पेट्रोल पिणाऱ्या मोटारींसाठी अधिक वापरला जातो. ‘गॉर्ज’ म्हणजे फ्रेंचमधला गळा. ‘बोल्ट’ म्हणजे न चावता घाईघाईने गिळणे. ‘डिव्हावर’ हा लॅटिनमधून आला आहे, आणि त्याच्या मुळाशी असलेला धातू व आपल्या ‘गिळणे’मागचा संस्कृत धातू हे भाषाशास्त्रानुसार एकाच प्राचीन घरातले आहेत. या यादीत ‘रॅव्हन’ही आहे, आणि तो मी आधी कावळ्याच्या जातीचा पक्षी समजून वाचला, कारण पाणकावळा जवळच बसला होता. वर्णलेखन तेच असले तरी हा शब्द निराळा आहे आणि त्याचा अर्थ लचके तोडून खाणे असा आहे.

माझी ही फजिती कोशाचा मुख्य दोषही दाखवते. येथे शब्दाचा अर्थ दिलेला नाही आणि वापराचे एकही वाक्य नाही. कोणता शब्द मुलांच्या तोंडी शोभेल आणि कोणता केवळ प्रवचनात, याची एखाददुसरी खूण सोडली तर काहीच सूचना मिळत नाही. मी पहिल्या खर्ड्यात मामांसाठी ‘गॉर्मंडाइज’ हा भारदस्त शब्द निवडला. संपादिकाबाईंनी समासात पेन्सिलीने लिहिले, ‘मामांनी काही पाप केले आहे का?’ त्यांचे बरोबर होते. नीतीच्या प्रकरणातून उचललेला शब्द स्वतःबरोबर ठपका घेऊन आला होता. मराठीत हादडणे, चापणे, ओरपणे, आडवा हात मारणे हे सगळे चेष्टेचे शब्द आहेत. खाणाऱ्याला ते चिडवतात, पण आणखी वाढायला कोणी हात आखडता घेत नाही. ‘गिळ आता’ म्हटले की मात्र चूल पेटवणाऱ्या माणसाचा राग दिसतो. हा फरक रोझेंच्या रांगेत हरवतो.

दुसरी उणीव काळाची आहे. ‘पिग आउट’ हे १९७० च्या दशकातले अमेरिकी बोलणे येथे सापडणार नाही. ‘हूवर’ या झाडणयंत्राच्या नावावरून झालेले क्रियापद नाही आणि कॅमेऱ्यासमोर बसून खाऊन दाखवण्याला म्हणतात तो, कोरियन भाषेतून आलेला ‘मुकबांग’ही नाही. ‘बिंज’ची अनुपस्थिती अधिक जाणवते. इंग्लंडच्या ग्रामीण बोलीत लाकडी भांडे पाण्यात भिजत घालण्याला हा शब्द होता, मग तो स्वतःलाच दारूत भिजवणाऱ्यांना लागला आणि पुढे खाण्याकडे आला. २०१३ साली अमेरिकेतील मानसोपचाराच्या अधिकृत निदानपुस्तिकेने अनावर खाण्याच्या विकाराला त्याच नावाने स्वतंत्र स्थान दिले. नीतीच्या दालनातली एक गोष्ट अशी पुन्हा डॉक्टरांकडे परतली. रोझेंना हे स्थलांतर कसे वाटले असते, याचे मला कुतूहल आहे.

शब्दांवर प्रेम असणाऱ्याने ही आवृत्ती जरूर उतरवून घ्यावी, मात्र तिच्यासोबत अर्थ देणारा एखादा आधुनिक शब्दकोश उघडा ठेवावा. इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती ती एकटी देऊ नये. तो ‘एडेशियस’सारखा (म्हणजे अधाशी) जड शब्द निबंधात घालून परीक्षकाला चकित करील. छापील प्रत विकत घ्यायची असेल तर वर्णानुक्रमाची न घेता नोंदींच्या क्रमाने लावलेलीच घ्यावी.

मामांचा प्रश्न अखेर ‘टक इन’ने सुटला. इंग्लंडमधल्या शाळांत खाऊच्या दुकानाला ‘टक शॉप’ म्हणतात, त्या कुळातला हा शब्द. ९५७ मध्ये तो मला सापडला नाही. संपादिकाबाईंनी या वेळी समासात काही लिहिले नाही, फक्त जिलब्यांचा आकडा कथेत दोन ठिकाणी वेगळा पडला आहे एवढे दाखवून दिले.