‘तोंडदेखला’ शोधायचा तर: शिकागोच्या ऑनलाइन मराठी कोशांची पारख

शिकागो विद्यापीठाच्या ‘डिजिटल साउथ एशिया लायब्ररी’वर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती, १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२–३८) फुकट पाहता येतात. अर्ध्या मनाने दाखवलेल्या उत्साहाचे शब्द शोधायला बसलं की दोन्हींची ताकद कळते, उणीवही कळते.

आधी शोधायची रीत. लेखन जुनं आहे. १९६२च्या शुद्धलेखन-नियमांनी काढून टाकलेले अनुस्वार तिथे शाबूत आहेत, म्हणून ‘उरकणे’ नव्हे, ‘उरकणें’ टाइप करावं. विशेषणं पुल्लिंगी रूपात असतात, तेव्हा ‘तोंडदेखलं’ऐवजी ‘तोंडदेखला’ द्यावं. तरीही नोंद मिळाली नाही तर ऱ्हस्व-दीर्घ बदलून पाहावं.

मोल्सवर्थमधली सर्वांत मोलाची गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. नामाच्या अर्थापुढे बारीकसा इंग्रजी ‘व्ही’ (v) आणि त्यापुढे कर, धर, लाव अशी क्रियापदं दिलेली असतात. त्या नामाशी कोणतं क्रियापद जुळतं, ते तिथे समजतं. ‘वेठ’ म्हणजे सक्तीची, बिनमोबदल्याची मजुरी. मन न घालता काम कसंबसं उरकणं म्हणजे ‘वेठ मारणे’. हे ‘मारणे’ ठाऊक नसेल तर नुसत्या नामाचा अर्थ कळून वाक्य लिहिता येत नाही.

विशेषणांना ही सोय नाही, आणि ‘तोंडदेखला’चं तिथेच अडतं. हा शब्द स्वागत, कौतुक, आग्रह, सहानुभूती यांना लागतो, कारण तो वापरायला समोर माणूस हवा. एकट्याने केलेला अभ्यास वरवरचा असतो, तोंडदेखला नव्हे. नोकरीत दिवस ढकलणारा पाट्या टाकतो. ‘थातुरमातुर’ हा शेरा झालेल्या कामाच्या दर्जावर असतो. पाहुण्याला ‘जेवूनच जा’ म्हणताना कुणी पाट्या टाकत नाही, तो आग्रह तोंडदेखलाच. इंग्रजी प्रतिशब्दांच्या रांगेतून हा फरक हाती येत नाही.

इथे दाते-कर्वे अधिक कामाचे, कारण अर्थ मराठीतच दिलेला आहे आणि अनेक नोंदींना जुन्या ग्रंथांतली उदाहरणं जोडलेली आहेत. (गो.), (व.) अशा खुणांवरून शब्द गोमंतकातला की वऱ्हाडातला, तेही कळतं. संक्षेपांची यादी आधी वाचावी, नाहीतर अर्धी नोंद कोडंच राहते.

भाषांतर करणाऱ्यांनी आधी मोल्सवर्थ, मग दाते-कर्वे असा क्रम ठेवावा. ‘पाट्या टाकणे’सारख्या आजच्या बोलीसाठी मात्र दोन्ही जुने पडतात, तिथे वर्तमानपत्रांतली चार वाक्यं ताडून पाहावीत.