कॅसलवेनिया: पहिला आधी खेळावा का फोर?

मागच्या आठवड्यात मावसभावाच्या पोराचा फोन आला, काका, कॅसलवेनिया या जुन्या व्हिडिओ गेम मालिकेचं अॅनिव्हर्सरी कलेक्शन घेतलं, आठ गेम आहेत, सुरू कुठून करू? त्याला सांगता सांगता अर्धा तास गेला अन् तरी अर्धं राहूनच गेलं, म्हणून आता नीट लिहून काढतो, त्याच्यासाठीही अन् ज्याला कोणाला हाच प्रश्न पडला असेल त्याच्यासाठीही.

आठ असले तरी माझ्या मते सुरुवातीचा प्रश्न दोघांतलाच आहे. एक १९८६ चा पहिला कॅसलवेनिया अन् दुसरा १९९१ चा सुपर कॅसलवेनिया फोर. बाकीचे मागाहून खेळा, ते कुठं पळून जात नाहीत. हे दोनच समोरासमोर ठेवायचं कारण म्हंजे दोन्हीची गोष्ट एकच आहे, तोच सायमन बेलमॉन्ट, त्याच्या हातातला तोच हंटर, १६९१ साल अन् तोच ड्रॅक्युलाचा किल्ला. फोर नाव असलं तरी तो चौथा भाग म्हणून बनलेलाच नव्हता, जपानमधे दोन्हीचं नाव अकुमाजो ड्रॅक्युलाच आहे, पहिलाच गेम नव्या मशीनवर पुन्हा मोठा करून मांडला असं समजा. त्यामुळे पहिला न खेळता फोर लावला तर काही कळणार नाही, ही भीती मनातून काढून टाका.

माझं सांगायचं तर मी पहिला खेळलो तो नागपूरला महाल भागात आतेभावाच्या घरी, ९७-९८ च्या उन्हाळ्यात. बर्डीवरून आणलेला टीव्ही गेम, पिवळी कॅसेट, अन् कंट्रोलरला आम्ही रिमोटच म्हणायचो. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत कूलरचा आवाज एवढा की गेमचं म्युझिक ऐकायला टीव्हीला कान लावून बसावं लागायचं, अन् ते म्युझिक कान लावून ऐकण्यासारखंच आहे, पहिल्याच स्टेजला व्हॅम्पायर किलरची धून सुरू झाली की आजही माझे अंगठे आपोआप हलायला लागतात. मेणबत्ती फोडली की पत्त्यांतल्यासारखे लाल बदाम पडायचे अन् आम्हाला वाटायचं बदाम खाल्ले की लाइफ वाढते. लाइफ काही वाढायची नाही. बदाम म्हंजे दुसऱ्या हत्याराच्या गोळ्या, अन् लाइफ वाढते ती भिंतीत लपवलेल्या मांसाच्या तुकड्यानं, हे कळायला आख्खी सुट्टी गेली. त्या कॅसेटला सेव्ह नव्हतं, कंटिन्यू पाहिजे तेवढे मिळायचे पण लाइट गेली की सगळं पहिल्या स्टेजपासून, अन् त्या उन्हाळ्यात लाइट रोजच जायची.

फोर मात्र मी पहिल्यांदा खेळलो तो २०१९ मधे हेच कलेक्शन आल्यावर, नोकरी, पोरं, सगळं असताना, रात्री साडेदहानंतर. म्हंजे एक गेम लहानपणीचा अन् एक मोठेपणीचा, त्यामुळे माझं माप अगदी सरळ आहे असा दावा नाही. पण मग मुद्दाम पहिलाही त्याच टीव्हीवर, त्याच रिमोटवर पुन्हा संपवला, लागोपाठ. त्यानंतरच हे बोलून राहिलो.

पहिल्याचं मोठेपण आधी सांगतो कारण त्याच्यावर अन्याय नको. सहा ब्लॉक, प्रत्येकात तीन, अशा अठरा स्टेज, अन् त्यात फालतू जागा जवळजवळ नाहीच. सायमन एकदा उडाला की हवेत दिशा बदलता येत नाही, हंटर फक्त समोर चालतो, तोही अर्धा क्षण उशिरा. हे ऐकायला त्रासाचं वाटते, पण यामुळेच प्रत्येक उडी ठरवून मारावी लागते. मृत्यू नावाचा जो बॉस आहे त्याच्या खोलीआधीचा जो कॉरिडॉर आहे, कुऱ्हाडी फेकणारे चिलखतवाले अन् हवेत वर-खाली लाटेसारखी उडत येणारी मेडुसाची मुंडकी, तिथं तोपर्यंत एक फटका चार घरं खातो, लाइफ सोळा घरांची, म्हंजे चार फटक्यांत खेळ खलास. पण कोणत्या क्षणी बसायचं, कधी कुऱ्हाड डोक्यावरून जाऊ द्यायची, मुंडकं कुठल्या उंचीवर असताना पुढं सरकायचं, हे एकदा बसलं की तो कॉरिडॉर पार करताना जो आनंद होते तो फोरमधे मला एकदाही झाला नाही. एकदाही नाही. अन् पुढच्या मृत्यूला होली वॉटरच्या बाटल्यांनी जागेवर गोठवून मारायचं, ती युक्ती आतेभावानं शोधली होती अन् त्या दिवशी आम्ही गच्चीवर जाऊन ओरडलो होतो.

मग अडलं कुठं? पायऱ्यांवर.

हे जरा जवळून सांगतो कारण माझा निर्णय इथंच झाला. या गेममधे किल्ल्यात जिकडंतिकडं तिरप्या पायऱ्या आहेत. तुम्ही उडी मारली अन् पायरीवर उतरायला गेलात तर सायमन त्या पायरीतून आरपार खाली जातो, जशी काही ती पायरी भिंतीवर रंगवलेली आहे. पायरी खरी होण्यासाठी तुम्हाला तिच्या टोकाशी जाऊन उभं राहावं लागते, वरचं बटण दाबावं लागते, मग तो पहिलं पाऊल ठेवतो. आता एकदा चढला की उडी बंद. समोरून मुंडकं येऊन राहिलं तरी बंद. हंटर मारावा म्हटलं तर आणखी एक गोम आहे, दुसरं हत्यार फेकायचं बटण म्हंजे वर अधिक हंटर, अन् तुम्ही तर पायऱ्या चढायला वरचं बटण दाबूनच राहिलेत, म्हणून हंटरऐवजी कुऱ्हाड जाते, बदामही गेला अन् मुंडकं तसंच समोर. उतरताना तर त्याहून वाईट. वरच्या टोकाला बरोबर जागेवर उभं न राहता खालचं बटण दाबलं तर सायमन नुसता बसतो, अन् घाईत एक पाऊल जास्त पुढं गेलं की जिथं जमीन संपते तिथून सरळ खाली. अन् खाली काय असते? ज्या मजल्यावरून तुम्ही आत्ता चढून आलात तोच मजला. पण स्क्रीन बदलली असते म्हणून गेमच्या लेखी तिथं आता खड्डा आहे, अन् तुम्ही मेलेले.

मला याचाच फार राग येतो, अजूनही येतो. कुऱ्हाडवाल्यानं मारलं तर मी मान्य करतो, माझी वेळ चुकली. पण आत्ता दोन सेकंदांपूर्वी ज्या फरशीवर मी उभा होतो त्याच फरशीवर पडून मरायचं, हे कसं पटवून घ्यावं माणसानं? मोजलं नाही, पण यावेळी पहिला संपवताना माझी निम्म्याहून जास्त मरणं पायऱ्यांच्या आसपासची होती असं मला प्रामाणिकपणे वाटते.

आतेभावाला हे पटत नाही. तो म्हणते, काहून बे, पायऱ्या म्हंजेच तर गेम आहे, तू बिनविचार पळतो म्हणून पडतो. अन् त्याचा एक मुद्दा मला मानावाच लागते, की पायरीवर असताना फटका बसला तर सायमन मागे उडत नाही. सपाट जमिनीवर फटका बसला की तो मागच्या मागे उडी घेतल्यासारखा फेकला जातो अन् मागे खड्डा असला की संपलं, पायरीवर मात्र जागेवरच टिकतो. त्यामुळे तो मुद्दाम पायरीवर जाऊन फटके झेलतो अन् तिथूनच बाटल्या फेकतो, ते पाहायला सुंदर आहे, खोटं नाही बोलत. पण तो तीस वर्षं हे खेळून राहिला. ज्याला आज सुरू करायचं आहे त्यानं त्या उंचीला पोचायच्या आधी रिमोट ठेवून दिला तर काय उपयोग?

आता फोर. पहिल्याच स्टेजला मी सवयीनं पायरीच्या टोकाशी जाऊन थांबलो, वरचं बटण दाबलं, हळूहळू चढलो. दुसऱ्या-तिसऱ्या पायऱ्यांवर चुकून वरचं बटण दाबलेलं असतानाच उडी मारली गेली अन् सायमन मधल्याच पायरीवर अलगद उतरला. मी गेम पॉज केला. बायको म्हणाली काय झालं, मी म्हटलं काही नाही, अन् परत तेच करून पाहिलं. पायरीवरून उडीही मारता येते. बावीस वर्षांचा राग त्या एका उडीत उतरला असं म्हटलं तरी चालेल. दुसरं हत्यार वेगळ्या बटणावर गेलंय म्हणून चढता चढता हंटर मारला की हंटरच जातो.

बाकीही बरंच मोकळं झालं आहे. हंटर आठही दिशांना चालतो, बटण दाबून धरलं तर दोरीसारखा लोंबतो अन् त्यानं येणारे छोटे गोळे झटकता येतात, टांगलेल्या गोल कड्याला हंटर अडकवून झोका घेता येतो, बसून सरकता येते, हवेत दिशा वळवता येते. चौथ्या स्टेजला आख्खी खोली फिरते अन् तुम्ही कड्याला लटकलेले असता, त्यानंतर मागची भिंत पिंपासारखी गोल फिरून राहते, तिथं मला मळमळलं होतं पण बघवत राहिलं. सहाव्यात झोके घेणारी झुंबरं अन् शेवटी नाचणारं भुतांचं जोडपं. म्युझिक पहिल्यासारखं लगेच डोक्यात बसत नाही, ते हळूहळू अंधारासारखं भरत जाते, अन् अगदी शेवटच्या स्टेजमधे व्हॅम्पायर किलरची जुनी धून परत येते तेव्हा ज्यानं पहिला खेळलाय त्याच्या छातीत काहीतरी होते. न खेळलेल्याला हे मिळणार नाही, हा तोटा मी मान्य करतो.

फोरमधे खोट आहे, ती लपवत नाही. हंटर इतका ताकदवान झाला की बाटली, कुऱ्हाड, क्रॉस यांची गरजच राहत नाही, मी तर कित्येक स्टेज नुसत्या हंटरवर काढल्या. पहिल्यात कुठलं हत्यार हातात आहे यावर पुढची सगळी स्टेज ठरते, मेणबत्तीतून चुकून खंजीर उचलला तर जीव खाली-वर होते, तो ताण इथं नाही. पहिल्या तीन स्टेज जरा लांबलेल्याही वाटतात, मित्र दुसऱ्याच स्टेजला कंटाळून उठला होता, त्याला मी चौथ्यापर्यंत चल म्हणून बसवलं. अन् वर चढायच्या जागी स्क्रीन सरकली की खाली पडून मरणं इथंही आहेच, ती खोड पूर्ण गेलेली नाही, फक्त सायमन आता तुमचं ऐकतो म्हणून स्वतःला सावरायला वेळ मिळते.

म्हणून माझं म्हणणं असं, अन् हे माझ्यापुरतं आहे. तुम्हाला कठीण गेमची सवय असेल, एकच खोली चाळीसदा खेळायला कंटाळा नसेल, अन् हातात सलग दोन रिकाम्या दुपारी असतील तर पहिला लावा, जमला की तासाभरात संपणारा गेम आहे अन् तो कॉरिडॉर आयुष्यभर लक्षात राहील. पण ऑफिसवरून येऊन जेवणानंतर पाऊण तास खेळणारा माणूस असेल, किंवा माझ्या पुतण्यासारखा, ज्याला या मालिकेची गोडी लागावी असं मला मनापासून वाटते, तर फोर. आधी फोर अन् मग पहिला, कारण उलट क्रमानं गेलेले दोन जण मी डोळ्यांसमोर पायऱ्यांपाशीच परत फिरताना पाहिले. कलेक्शनमधे मधेच सेव्ह करता येते, फोरला पासवर्डही आहेत, पण सेव्ह स्टेजच्या सुरुवातीलाच करा, पडता पडता केलेलं सेव्ह फार महागात पडते.

पुतण्याला फोन ठेवता ठेवता एक गोष्ट सांगितली तीच इथं सांगतो. फोरमधे ड्रॅक्युलाच्या खोलीआधी शेवटच्या पायऱ्या लागतात, तिथं घाई करू नका. डाव्या बाजूला, जिथं काहीच दिसत नाही तिथं, उडी मारून पाहा, न दिसणाऱ्या फरशीवर पाय टेकतील अन् वरून बदाम, मांस सगळं पडायला लागेल, तेवढं गोळा करा अन् मग वर जा.