फॅन्कोनी अ‍ॅनिमिया: आधी ब्रेकेज टेस्ट की जीन टेस्ट?
मुलाच्या रक्तपेशी कमी होतायत, डॉक्टरांना फॅन्कोनीचा (डीएनएची दुरुस्ती नीट न जमल्याने अस्थिमज्जा निकामी होत जाणारा आनुवंशिक आजार) संशय आहे, तर आधी कुठली टेस्ट करू असं एका ताईंनी विचारलंय.

ब्रेकेज टेस्टमध्ये रक्तातल्या जिवंत पेशींना डीईबी किंवा मायटोमायसिन सी ही डीएनएला इजा करणारी रसायनं देतात, डीएनएची दुरुस्ती जमत नसेल तर क्रोमोसोम (डीएनएचे गुंडाळलेले धागे) तुटतात आणि भलतीकडेच जोडले जाऊन मायक्रोस्कोपखाली चक्क चार हातांच्या फुलीसारखे दिसतात. म्हणजे बिघाड डोळ्यांना दिसतो, पण 20 पेक्षा जास्त जीन्सपैकी कुठला ते कळत नाही, ते सिक्वेन्सिंग, म्हणजे जीनमधली अक्षरं वाचणारी जीन टेस्ट, सांगतं.

खात्रीचं म्हणाल तर फट दोन्हीत आहे. काही रक्तपेशी आपोआप सुधारलेल्या असल्या तर ब्रेकेज नॉर्मल येऊ शकते, मग त्वचेच्या पेशींवर करावी लागते. सिक्वेन्सिंगमधून याच जीन्सपैकी एफएएनसीए जीनचा मोठा तुकडाच गायब असलेला निसटू शकतो, त्यासाठी एमएलपीए ही गायब तुकडे शोधणारी वेगळी टेस्ट लागते, शिवाय 'अर्थ अनिश्चित' (बदल दिसला, पण त्यानेच आजार होतो का ते माहीत नाही) असा रिपोर्ट आला की जीव टांगणीला. ब्रेकेजला ताजं रक्त हवं, डीएनए साठवता येतो.

आजार आहे का, अस्थिमज्जेसाठी भावंड डोनर चालेल का, हे ठरवायला आधी ब्रेकेजच करा. नात्यातले वाहक (स्वतः आजारी नसलेले, पण बिघडलेला जीन पुढे देऊ शकणारे) शोधायचे असतील तर मात्र जीन टेस्टला पर्याय नाही, आणि पुढच्या गरोदरपणातल्या तपासणीलाही तिचा उपयोग होतो.