जुन्या पेट्रोल जीपला डिझेल: हरिकेनच बांधावं, की प्यूजो, डीआय, सीआरडीई?

गोठ्यामागे ताडपत्रीखाली उभी असलेली उंच बॉनेटची सीजे 3बी जीप. आजोबांच्या नावावरची, आरसीवर इंधन पेट्रोल. पाहायला येणारा प्रत्येक जण एकच सल्ला देतो, "डिझेल टाका की!" सल्ला चुकीचा नाही, अर्धा आहे. कुठलं डिझेल, ते कोणी सांगत नाही. शिवाय या कामात इंजिन हाच सोपा भाग. पैसे जातात ते त्याच्या मागे जे काही जोडलेलं आहे त्यात.

तुमच्यासमोर चार वाटा आहेत. मूळचं हरिकेन पेट्रोल नीट बांधून घेणं, प्यूजोचं एक्सडीपी 4.90 बसवणं, महिंद्राचं अडीच लिटरचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन, साध्या यांत्रिक पंपाचं डिझेल) बसवणं, किंवा थारमधलं सीआरडीई (कॉमन रेल, इलेक्ट्रॉनिक नियंत्रणावर चालणारं डिझेल). प्यूजो आणि डीआय महिंद्राने स्वतःच याच घराण्यातल्या पुढच्या जिपांना दिली होती. त्यामुळे माउंटिंग, बेल हाउसिंग, क्लच वगैरे पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला शोधलं तर हाती लागतं. सीआरडीईचं तसं नाही, सगळं लेथवर बनवून घ्यावं लागतं.

आधी ओढ. पेट्रोल जीपला जोर नसतो हा समज मी लहानपणापासून ऐकत आलोय, आणि तो खोटा आहे. 2199 सीसीचं हरिकेन साधारण 155 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतं, तेही 2000 आरपीएमला. 2112 सीसीचं प्यूजो देतं 120 च्या आसपास. म्हणजे पेट्रोल काढून प्यूजो बसवलंत तर घाटात जीप हलकी नाही, जडच वाटेल. टर्बोचं डीआय, थारच्या स्वस्त आवृत्तीत होतं ते, 180 च्या थोडं वर जातं आणि 1500 लाच. सीआरडीई 247. आता जुना तीन गिअरचा टी-90 गिअरबॉक्स हरिकेनच्या बेताने केलेला आहे. डीआय तो सोसेल, पाय सांभाळून टाकलात तर. सीआरडीईच्या जोरापुढे त्याचे दात टिकणार नाहीत. म्हणजे गिअरबॉक्सही नवा. नव्या गिअरबॉक्समागचा शाफ्ट मधून निघाला, तर जुन्या जीपचा मागचा डिफरन्शियल (एक्सलमधला गिअरचा गोळा) उजवीकडे सरकलेला असल्यामुळे मागच्या एक्सलचं हाउसिंगही बदलायचं. एक नट सोडायला घ्यावा आणि अख्खी गाडी उघडून बसावी, तसं होतं.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे वेगाचं गणित, आणि ते कागदावर करता येतं. सीजे 3बीचा एक्सल रेशो 5.38, म्हणजे शाफ्टच्या 5.38 फेऱ्यांना चाकाची एक फेरी. 16 इंची बारीक टायर एका फेऱ्यात साधारण सव्वादोन मीटर जातं. टॉप गिअर सरळ, एकास एक. हरिकेन 4000 पर्यंत फिरतं, म्हणजे कागदावर ताशी 100 किलोमीटर. डीआयची सगळी ताकद 3200 ला संपते, म्हणजे 80. पण डीआय 3200 वर तासभर कोणी चालवत नाही. कानाला आणि मणक्याला सोसेल असा वेग 2200 च्या आसपासचा, आणि तिथे काटा 55 वर असतो. शेत, ओढा, तालुक्याचा बाजार एवढ्याला 55 पुष्कळ झाले. महामार्गावर मात्र मागचे ट्रक हॉर्न मारून जीव घेतील. मग दोन्ही एक्सलचे क्राउन-पिनियन, म्हणजे हा रेशो ठरवणारी दातेरी चाकं, बदलायचे; फोरव्हील वापरत असाल तर पुढचा-मागचा रेशो एकच हवा. 4.3 च्या आसपास आणलंत तर त्याच 2200 ला 70 ची चाल मिळते. गंमत म्हणजे जुन्या एक्सलशी खरी सोयरीक जमते ती कमी ताकदीच्या प्यूजोची, कारण ते 4500 पर्यंत मोकळं फिरतं आणि आवाजालाही सौम्य आहे. अडचण एवढीच की त्याचे सुटे भाग आटत चाललेत आणि तापवलं तर हेड जातं. चालू स्थितीतलं प्यूजो आधीच जीपमध्ये असेल तर काढू नका. नव्याने विकत घेऊन बसवायच्या फंदातही पडू नका.

ब्रेकचं कोणी बोलत नाही. नऊ इंची ड्रम, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही. त्यावर सीआरडीईची 105 हॉर्सपॉवर टाकणं मला वेडेपणा वाटतो. बूस्टर लावायचा तर डिझेलला पेट्रोलसारखा व्हॅक्यूम नसतो, वेगळा पंप लागतो. तो अल्टरनेटरच्या मागे जोडलेला मिळाला तर उत्तम. ज्या जिपांचे वायपर व्हॅक्यूमवर चालतात त्यांचे वायपरही पहिल्या पावसात थांबतील, इलेक्ट्रिक मोटर आधीच बसवा. वजन वाढतं म्हणून पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एक पान जास्त घाला. सहा व्होल्टची जुनी वायरिंग असेल तर ती पूर्ण काढावीच लागेल.

सीआरडीईला ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), चावीचा इमोबिलायझर (चोरी रोखणारं कुलूप), पेडल, सेन्सर आणि अख्खी वायरिंग एकाच गाडीची लागते. सुटं इंजिन घेऊन काही होत नाही. डीआयच्या पंपाला मेंदू नाही, हेच त्याचं भाग्य. ओढ्यात पाणी पंख्यापर्यंत आलं तरी हवेच्या नळीत शिरेपर्यंत ते चालत राहतं, आणि बिघडलं तर गावचा फिटर पान्यावर दुरुस्त करतो.

आता कागद. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे उत्पादकाच्या मूळ विवरणाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्यामुळे "आधी बसवू, मग आरटीओत बघू" हा मार्ग धरू नका. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा इंजिन नंबर जुळवते. दुसरी बाजू: 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. पण ती रोजच्या वापराला चालत नाही, आणि इंजिनात मोठा बदल केला की तो हक्क गेला.

खर्चाचा हिशेब धरून पाहू. हरिकेन लिटरला 7, डीआय 12 किलोमीटर, पेट्रोल 105, डिझेल 90 रुपये. वर्षाला 2,000 किलोमीटर फिरलात तर वाचतात सुमारे 15,000. बदलाला दीड लाख लागले तर दहा वर्षं नुसती भरपाई. 10,000 किलोमीटर फिरणाऱ्याचे तेच पैसे दोन वर्षांत वसूल.

म्हणून आरसीवर पेट्रोल असेल, जीप पन्नाशी ओलांडलेली असेल आणि सणावाराला निघत असेल, तर हरिकेनच बांधा. रोज कामाला जीप हवी असेल तर ज्या जीपच्या आरसीवर डिझेल आधीच नोंदलेलं आहे तीच शोधा, आणि तिच्यातलं थकलेलं डीआय नीट करून घ्या. सीआरडीईचा मोह अगदीच आवरत नसेल तर जुनी थार घ्या, स्वस्त पडेल.

इंजिन बघायला जाल तेव्हा पोचण्याआधी ते सुरू करू नका असं फोनवर सांगून ठेवा. हात लावून गरम लागलं तर चहा घ्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत या. थंड इंजिन सुरू झाल्यावर ऑइलचं झाकण काढा, तिथून धुराचा भपकारा येत असेल तर भाव विचारायचीही गरज नाही.